वंशावळीवाचून

आपल्या वाङ्मयातील कुत्रा सहसा रिकामा बसलेला दिसत नाही. ऋग्वेदातील सरमा पणींनी दडवलेल्या गाईंच्या शोधात रसा नदी ओलांडून जाते. खंडोबाचा कुत्रा धन्याच्या घोड्याबरोबर धावतो. दत्ताच्या पायांशी उभ्या असलेल्या चार कुत्र्यांवर तर परंपरेने चार वेदांचा भार टाकला आहे. नामदेवांची पोळी पळवणाऱ्या कुत्र्यालासुद्धा अखेर विठ्ठलाचेच काम करावे लागले. पण नुसते जवळ बसणे एवढाच ज्याचा धर्म, अशा कुत्र्याला आपल्या भाषेत धड नाव नाही. ‘मांडीवरचा कुत्रा’ म्हणावे, तर त्यात लाडावलेपणाचा उपहास आधी ऐकू येतो. तिबेटी भाषेत मात्र असा शब्द आहे: सिमखी, म्हणजे निजण्याच्या खोलीतला कुत्रा.

हा शब्द मला दिल्लीतील मजनू का टीला या तिबेटी वस्तीत एका वृद्ध बाईंकडून कळला. त्याला निमित्त झाली आमची ठकी. २०२२च्या डिसेंबरात आम्ही तिला सोडलेल्या कुत्र्यांचा सांभाळ करणाऱ्या एका संस्थेतून घरी आणले. कागदावर तिची नोंद ‘मिश्र ल्हासा’ अशी होती. पशुवैद्याने तिचे आखूड नाक, सशासारखी लांबट पावले आणि पाठीवर वळलेले झुपकेदार शेपूट पाहून सांगितले, की ही बहुधा तिबेटन स्पॅनिएल असावी. इंग्रजांनी दिलेल्या या नावातला दुसरा शब्द निखालस चुकीचा आहे, कारण शिकारीच्या स्पॅनिएलशी या कुत्र्याचे काही नाते नाही. उंची वीतभराहून थोडी अधिक, वजन चार ते सात किलो. मठाच्या भिंतीवर बसून दूरवर पाहत राहावे आणि थंडीत लामांच्या अंगाशी ऊब द्यावी, एवढीच याची ख्याती. ब्रिटनमध्ये या जातीची संघटना १९५८मध्ये निघाली, अमेरिकेतील केनेल क्लबने तिला १९८४मध्ये आपल्या यादीत घेतले. आपल्याकडे ल्हासा अप्सो पुष्कळ दिसतो. हा त्याचा चुलतभाऊ क्वचितच.

‘दत्तक’ हा शब्द अशा प्रसंगी सर्रास वापरला जातो, आणि मला तो थोडा अवघड वाटतो. दत्तकविधानात घेणाऱ्याइतकाच देणाराही लागतो. ठकीला देणारा कोणी नव्हता. एका पहाटे ती संस्थेच्या फाटकाशी पुठ्ठ्याच्या खोक्यात सापडली होती. जनावराला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून जाणे हा १९६०च्या कायद्याने गुन्हा ठरवला आहे. त्या कायद्यात पहिल्या अपराधासाठी लिहिलेला दंड दहा ते पन्नास रुपये. त्या दंडात खोकेसुद्धा जेमतेम आले असते.

तेव्हा तिचा पूर्वेतिहास कळण्याचे साधन उरले ते एकच, आणि आपल्या वाचकांना ते परिचित आहे. आरंभीची पाने गळालेली, शेवटी पुष्पिका नसलेली पोथी हाती आली, की संशोधक अंतर्गत पुराव्याकडे वळतो. ठकीचे अंतर्गत पुरावे स्पष्ट होते. दात निम्मे गेलेले. सड ओघळलेले, पुष्कळ वेळा व्यालेल्या मादीचे असतात तसे. पायांच्या तळव्यांना जाळीवर सतत उभे राहिल्याच्या जखमा. पशुवैद्याने वय सात ते नऊच्या दरम्यान सांगितले. पण सर्वांत बोलका पुरावा तिच्या चालण्यात होता. आमच्या बऱ्यापैकी लांब खोलीत ती तीन पावले चाले, थबके, वळे आणि तीन पावले परत येई. पिंजरा मागे राहिला होता, त्याचे माप मात्र तिने बरोबर आणले होते. जिने, गवत, आरसा यांपैकी काहीच तिच्या ओळखीचे नव्हते.

तिला कोणती भाषा कळते, हे शोधण्याचा मोह मला आवरला नाही. आम्ही दोघे तिच्याशी मराठीत बोलत होतो. कामाला येणाऱ्या बाई हिंदीत, शेजारचे सरदारजी पंजाबीत आणि त्यांची नात इंग्रजीत. मजनू का टीलातील त्या वृद्ध बाईंनी तिला मांडीशी धरून तिबेटीत बराच वेळ काहीबाही सांगितले. ठकीचा कान एकदाही हलला नाही. प्रथम आम्हांला ती बहिरी वाटली. पण लोखंडी कडी वाजली, की ती जिथे असेल तिथून कोपऱ्यात जाऊन भिंतीला चिकटे. स्टीलची वाटी वाजली, की बाहेर येई. तेव्हा हळूहळू उलगडले, की तिला दुसरी कोणती भाषा येत होती असे नव्हेच. तिच्याशी कोणी कधी बोललेच नव्हते. माणसाच्या सोबतीसाठीच शतकानुशतके घडवलेली ही जात, आणि तिच्यातील या एका जिवाला सात-आठ वर्षांत माणसाची हाक म्हणून मिळाली नव्हती.

घरी येणारे पाहुणे विचारत, ‘जातिवंत आहे का?’ मराठीत हे विशेषण प्रशंसेचे आहे, आणि त्याच्या उलट ‘गावठी’ हे हिणवण्याचे. माणसांच्या बाबतीत जे उच्चारताना आपण आता अडखळतो, ते कुत्र्यांच्या बाबतीत बिनदिक्कत बोलतो. एका रसिक गृहस्थांना मात्र मनापासून हळहळ वाटली. संस्थेने नसबंदी करूनच तिला आमच्या हाती दिले होते. एवढी दुर्मीळ मादी, चार पिल्ले झाली असती तर जात तरी वाढली असती, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटले नाही. दुर्मीळ म्हणून किंमत, किंमत म्हणून पैदास, पैदास म्हणून पिंजरा. ठकीच्या तळव्यांवरील जखमांचा कार्यकारणभाव इतका सरळ आहे. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७मध्ये केंद्र सरकारने नियम केले. पैदास करणाऱ्याने नोंदणी करावी, आठ आठवड्यांखालील पिल्लू विकू नये, असे त्यांत आहे. परंतु वंशावळीच्या कागदासाठी हजारो रुपये मोजणारा खरेदीदार पिल्लाची आई पाहण्याचा आग्रह क्वचितच धरतो. त्याने तो धरला, तर अर्धा व्यापार बसेल असा माझा अंदाज आहे.

या संदर्भात महाभारताची रचना मला पुन्हा पाहावीशी वाटली. आदिपर्वात जनमेजयाच्या सत्रात सरमेचे पोर येते. त्याने हवीला तोंड लावलेले नाही, तिकडे पाहिलेलेसुद्धा नाही. तरी राजाचे भाऊ त्याला बडवतात आणि आईचा शाप ओढवून घेतात. महाप्रस्थानिक पर्वात एक कुत्रा युधिष्ठिराच्या मागोमाग चालत राहतो, आणि त्याला टाकून स्वर्गात यायला तो नकार देतो. एवढ्या अफाट ग्रंथाच्या आरंभाला विनापराध मार खाणारा कुत्रा आहे आणि शेवटाकडे न टाकलेला कुत्रा. तो पुढे साक्षात धर्म निघाला म्हणून आपण ही कथा सांगतो खरे; परंतु युधिष्ठिराने निर्णय घेतला तेव्हा त्याला हे ठाऊक नव्हते. त्याने वंश विचारला नाही, उपयोगही विचारला नाही. कुत्रा मागे आला होता, एवढेच त्याला पुरले.

‘ठकी’ हे नाव पत्नीने ठेवले, चपट्या तोंडाच्या लाकडी बाहुलीवरून. चौथ्या महिन्यात तिची तीन पावलांची पाच झाली, पावसाळ्यापर्यंत ती खोली पुरी ओलांडू लागली. दहीभात मऊ कालवला तर आवडीने खाते. मांडीवर ती अजूनही येत नाही. आपल्याकडे पाठ करून बसते, पण पाठ पावलाला टेकेल इतक्या अंतरावर. कडीला आम्ही कापड गुंडाळले आहे.

खिडकीखाली एक जुनी लोखंडी पेटी आहे. गेल्या हिवाळ्यापासून ती त्या पेटीवर चढते, कशी ते आम्ही एकदाही पाहिलेले नाही. संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत बाहेर पाहत बसते. मी नावाने हाक मारली, की ती वळून पाहत नाही. डावा कान तेवढा मागे येतो.