आधी पाय, मग चाक

बडोद्याच्या आम्हां मराठी मंडळींना कच्छचे छोटे रण तसे परके नाही. शेजारच्या गुजराती भगिनींकडून झिंझुवाड्यापलीकडील वच्छराज बेटाची कीर्ती ऐकून आईच्या मनात तेथील दर्शनाची इच्छा उपजली, आणि २०१९ च्या डिसेंबरात आम्ही सहकुटुंब आमच्या जुन्या जीपने निघालो.

गाडीची सिद्धता आम्ही यथासांग केली होती. इंजिनचे तेल बदलले, पंख्याचा पट्टा नवा घातला, ब्रेक तपासले, स्टेपनी पाहिली, दोर आणि फावडे बरोबर घेतले. चालकाचीही काही तयारी करावी लागते, हे मात्र ध्यानीमनी नव्हते. कारण चालक आम्हीच होतो आणि पंचवीस वर्षे गाडी हाकल्याचा अभिमान गाठीशी होता.

सुमारे ५,००० चौरस किलोमीटरांचे हे रण पावसाळ्यात पाण्याखाली जाते. पाणी ओसरल्यावर वरचा थर उन्हाने कडक होतो. खालचा चिखल मात्र पुढे कित्येक आठवडे ओलाच असतो. वरून पाहणाऱ्यास भेद कळत नाही. घुडखरांचा कळप दिसताच मुलाने हट्ट धरला आणि आम्ही चाकोरी सोडली. अभयारण्यात असे करणे मुळातच गैर, हे भान त्या क्षणी राहिले नाही. थोड्याच अंतरावर पापुद्रा फुटला. आम्ही अॅक्सिलरेटर दाबत गेलो, चाके जागीच फिरत आपला खड्डा आपणच खणत गेली. जॅक लावला, तर गाडी उचलण्याऐवजी तोच जमिनीत शिरू लागला.

उन्हे चढली. पाण्याच्या दोनच बाटल्या होत्या. आईच्या मधुमेहाच्या गोळीची आणि जेवणाची वेळ टळली, आणि डबा तर बेटावर परत जाण्याच्या हिशेबाने बेताचाच घेतलेला. ती एका शब्दाने बोलली नाही. तिचे ते न बोलणेच आम्हांस अधिक लागले.

तिसऱ्या प्रहरी मिठागरातील एक वृद्ध अगरिया दोन मुलांसह आला. त्याने प्रथम टायरांतील हवा ३० पौंडांवरून १८ पर्यंत उतरवली. टायर पसरला की गाडीचा भार अधिक जागेवर वाटला जातो. मग चाकांमागची माती उकरून पोती अंथरली, जॅकखाली फळी दिली, आणि सर्वांत जड गिअरमध्ये, जराही घाई न करता, आल्या खुणांवरूनच गाडी मागे घ्यावयास लावली. निघताना म्हणाला, “साहेब, पहेला पग, पछी पैडुं.” आधी पाय, मग चाक.

तेव्हापासून आमच्या गाडीत हवा मोजण्याचे यंत्र, पायपंप, जॅकखालची रुंद फळी, माणशी पाच लीटर पाणी, आईची औषधे आणि दोन वेळचे अन्न असते. एकटी गाडी रणात नेत नाही. परतीची वेळ घरी सांगून ठेवतो. शंका येईल तेथे उतरून काठी रोवून पाहतो. डांबरी रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरतो आणि घरी पोहोचताच गाडीच्या पोटाखालचे मीठ धुऊन काढतो, नाहीतर पत्रा गंजतो.

२०२२ च्या डिसेंबरात आईला घेऊन पुन्हा निघालो. या वेळी सोबत दुसरी गाडी व गावचा वाटाड्या होता. वाटेत एके ठिकाणी काठी वीतभर आत गेली. बेट तेथून फार दूर नव्हते, आणि आईचे वय अठ्ठ्याहत्तर. आम्ही काठी हातात घेऊन बराच वेळ उभे राहिलो. शेवटी आईच म्हणाली, “अरे, देव काही पळून जात नाही. फिरव गाडी.” तिने उतरून बेटाच्या दिशेने हात जोडले आणि आम्ही आल्या वाटेने परतलो.

दर्शन अद्याप व्हावयाचे आहे. रात्री गाडी धुताना मात्र मनास पूर्वीसारखी टोचणी नव्हती.