रस्ता कुठून जातो ते सगळे विचारतात, गाडी कुठे थांबणार ते कुणी विचारत नाही

सागरी महामार्गाचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, रेवस ते रेड्डी रस्ता एकदा पुरा होऊ दे, कोकणाचं सोनं होईल. दुसरा म्हणतो, रस्ता आला की कोकण संपलं म्हणून समजा. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून हे ऐकतोय. रस्ता साधारण पाचशे किलोमीटरचा, मध्ये धरमतर, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा मोठमोठ्या खाड्या. पूल कधी होणार, जमीन किती जाणार, मोबदला काय मिळणार, यावर चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत बोलून झालंय.

मी ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होतो. त्यामुळे मला तिसराच प्रश्न पडतो. गाडी थांबणार कुठे? आणि किती वेळ?

गेल्या वर्षी लेकीकडे मेलबर्नला दोन महिने होतो. नोव्हेंबरात तिनं आम्हा दोघांना ग्रेट ओशन रोडची एक दिवसाची बस टूर करून दिली. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण टोकाला, व्हिक्टोरिया राज्यात समुद्राला लागून जाणारा हा रस्ता. लांबी २४३ किलोमीटर. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली पाणी. जगभरचे लोक तो बघायला येतात. तिकीट माणशी १३० डॉलर, म्हणजे आपले सात हजारांच्या घरात. सौ. म्हणाली, "अहो, एवढ्यात आपल्याकडे अख्खी एसटी भाड्यानं येईल." येणार नाही, पण तिची भावना मी समजलो.

सकाळी सव्वासातला गाडी सुटली. ४६ उतारू, सगळ्यांना सीटबेल्ट सक्तीचा. कंडक्टर नाही. ड्रायव्हरच गाईड, कानाला माईक लावून दिवसभर बोलत होता. साठीचा असेल. मी त्याला सांगितलं की मीही बसवरचाच माणूस. तेव्हापासून तो प्रत्येक थांब्यावर माझ्याशी दोन शब्द जास्त बोलायचा. त्यानं त्याची वर्क डायरी दाखवली. मुक्कामापासून शंभर किलोमीटरच्या पलीकडे अशी मोठी गाडी न्यायची तर ती ठेवावीच लागते. काम किती तास, विश्रांती किती, सगळं लिहायचं. चोवीस तासांत बारा तासांच्या वर काम नाही. आमच्या डबल ड्यूट्या आठवल्या आणि गप्प बसलो.

रस्त्याची गोष्ट त्यानं चांगली सांगितली. पहिलं महायुद्ध संपलं आणि हजारो सैनिक परत आले. त्यांना काम हवं होतं. किनाऱ्यावरच्या लॉर्नसारख्या गावांना बाहेर पडायला एकतर बोट, नाहीतर जंगलातली खडतर वाट. आपल्या आजोबांच्या वेळचं कोकण आठवा. जीलाँगचे मेयर हॉवर्ड हिचकॉक यांनी पुढाकार घेऊन १९१८ मध्ये ट्रस्ट काढला, वर्गण्या जमवल्या आणि १९१९ मध्ये काम सुरू केलं. जवळजवळ तीन हजार माजी सैनिकांनी कुदळ-फावडं आणि सुरुंग घेऊन हा रस्ता कोरला. युद्धात मेलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून. १९३२ च्या नोव्हेंबरात तो पुरा झाला. हिचकॉक तीनच महिने आधी वारले होते. खर्च भरून काढायला टोल लावला होता. १९३६ मध्ये रस्ता सरकारच्या ताब्यात दिला आणि टोल बंद झाला. बंद झाला, हो. मी दोनदा विचारून खात्री केली.

आता मुद्द्यावर येतो. जुनी सवय, खिशात डायरी होती. प्रत्येक थांबा आणि मिनिटं लिहीत गेलो.

टॉर्की, चहा, २० मिनिटं. चहा टूर कंपनीचाच. ड्रायव्हरनं डिकीतून घडीचं टेबल काढलं, थर्मास ठेवले, बिस्किटं वाटली. गावातल्या कुणाकडून काही घेतलं नाही. मग त्या सैनिकांच्या आठवणीची लाकडी कमान, १५ मिनिटं, सगळ्यांचे फोटो. लॉर्न हे तिकडचं नावाजलेलं गाव. तिथं गाडी थांबलीच नाही, आम्ही ते काचेतून पाहिलं. केनेट रिव्हर ही छोटीशी वस्ती, तिथं झाडावरचे कोआला बघायला २५ मिनिटं. आमच्या आधी दोन बस उभ्या होत्या. दीडशे माणसं माना वर करून झाडांकडे बघतायत आणि स्वच्छतागृहाबाहेर रांग. अपोलो बे, जेवण, ४५ मिनिटं. मेट्स रेस्ट नावाच्या जंगलात पायवाट, ३० मिनिटं. ट्वेल्व्ह अपॉसल्स, म्हणजे समुद्रातले ते प्रसिद्ध चुनखडीचे सुळके, ५० मिनिटं. लॉक आर्ड गॉर्ज, ४० मिनिटं. मग आतल्या सरळ रस्त्यानं परत, वाटेत कोलॅकला रात्रीचं जेवण, ३५ मिनिटं. साडेआठला मेलबर्न.

बेरीज केली. सव्वातेरा तासांपैकी चार तास वीस मिनिटं पाय जमिनीवर. बाकी गाडीत.

दुसरी बेरीज पैशांची. दिवसभरात आम्ही दोघांनी दोनच ठिकाणी खिशात हात घातला. अपोलो बेला मासे आणि बटाट्याचे तळलेले काप, कोलॅकला जेवण. आणि कोलॅक समुद्रावर नाहीच, ते आतल्या हायवेवरचं गाव. म्हणजे ज्या किनाऱ्यासाठी आम्ही आलो, त्या किनाऱ्यावरच्या एकाच गावाला आमचे पैसे मिळाले. अपॉसल्सचे सुळके बघायला तिकीट नाही. सौ. म्हणाली, "समुद्र सगळा फुकटच पाहिला की!" हसलो, पण खरं होतं ते.

त्या सुळक्यांच्या जवळचं गाव पोर्ट कॅम्पबेल. दहा-बारा किलोमीटरवर. लहानसा धक्का, काही दुकानं, राहायची सोय, असं ड्रायव्हरनं सांगितलं. सांगितलं, कारण आमची गाडी तिथं गेलीच नाही. लॉक आर्डवरून मागे फिरली. वेळेत परत पोचायचं तर तेवढा फेरा बसत नाही, असं त्याचं गणित. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. त्याचा दोष नाही. पण ज्या गावाच्या दारात जगप्रसिद्ध गोष्ट आहे, त्या गावाला आमच्या ४६ जणांचा एक कप कॉफीचाही उपयोग झाला नाही.

अपोलो बेला जेवताना काउंटरवरच्या मुलीशी लेकीनं शिकवलेल्या इंग्रजीत बोललो. ती त्या गावात राहत नाही. भाडं परवडत नाही म्हणाली. घरं सुट्टीतल्या पाहुण्यांना रोजावर दिली जातात, मग कामाला येणाऱ्यांना घर मिळत नाही. रोज गाडी काढून येते. गाव पर्यटनावर चालतं आणि पर्यटन चालवणाऱ्या माणसाला गावात जागा नाही. आपल्याकडच्या काही किनाऱ्यांवर ही सुरुवात झालेली आहे, नावं तुम्हीच आठवा.

पण तिथून घेण्यासारखंही पुष्कळ आहे. ड्रायव्हर प्रत्येक थांब्यावर आधी स्वच्छतागृह कुठे ते सांगायचा, मग सीनरीचं. ३१ वर्षांत मला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न "गाडी सुटायला किती वेळ आहे?" आणि बायकांच्या डोळ्यांत न विचारलेला प्रश्न तो दुसरा. आपण व्ह्यू पॉइंटचा बोर्ड आधी लावतो, बाकीचं नंतर बघू म्हणतो. अपॉसल्सला गाड्या रस्त्याच्या आतल्या बाजूला लावायच्या आणि रस्त्याखालच्या भुयारी वाटेनं चालत समुद्राकडे जायचं. हायवे ओलांडायची वेळच येत नाही. आपल्याकडे आरे-वारेला सुट्टीच्या दिवशी वळणावर गाडी लावून फोटो काढणारे आठवा.

लॉक आर्डला गाडी थांबते ती एका गोष्टीसाठी. १८७८ च्या जूनमध्ये इंग्लंडहून आलेलं लॉक आर्ड नावाचं जहाज तिथं खडकावर फुटलं. ५४ माणसं होती, दोन वाचली. एक पोरगा, टॉम पिअर्स, आणि त्यानं पाण्यातून ओढून काढलेली एव्हा कारमायकेल. तिथं पाट्या आहेत, कबरी आहेत. लोक खाली त्या छोट्या पुळणीवर उतरतात आणि आपोआप आवाज खाली येतो. आपली रामदास बोट १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येताना बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या आजीच्या पिढीत त्या दिवसाचं नाव काढलं की बायका रडायच्या. उद्या सागरी महामार्ग त्याच रेवसपासून सुरू होईल. त्यावरून जाणारी गाडी ती गोष्ट ऐकायला थांबेल, अशी जागा कुणाच्या नकाशात आहे का?

आणखी एक. त्या किनाऱ्यावर पूर्वी वेगवेगळी खाती आपापला तुकडा सांभाळायची. २०२० मध्ये त्यांनी ग्रेट ओशन रोडसाठी वेगळा कायदा केला आणि किनारा व उद्यानं सांभाळायला एक प्राधिकरण नेमलं. तो सगळा किनारा एक सलग, जिवंत नैसर्गिक गोष्ट आहे, असं त्या कायद्यात लिहिलंय. आधीपासून तिथं राहणाऱ्या आदिवासी समाजांचा हक्कही त्यात मान्य केलाय. हे सगळं रस्ता झाल्यावर ८८ वर्षांनी. आपल्याकडे रस्ता पुरा व्हायचाय. म्हणजे आपण आधी विचार करू शकतो.

एसटीत एक शब्द आहे, वस्तीची गाडी. संध्याकाळी शेवटच्या गावात जाते, रात्री तिथंच मुक्काम, पहाटे निघते. मी कित्येक वर्षं वस्तीच्या गाडीवर काढली. गावातलं कुणीतरी भाकरी आणून द्यायचं, सकाळी चहा. आम्ही दुकानातून विडीकाडी, साबण घ्यायचो. गावाची आणि गाडीची ओळख व्हायची. सरळ निघून जाणाऱ्या गाडीचं तसं नसतं. ती धूळ उडवते, हॉर्न वाजवते, आणि गावातली पोरं हात करतात. बस्स, तेवढाच संबंध. पर्यटकांचंही तेच आहे. सकाळी येऊन रात्री परत जाणारा माणूस किनारा वापरतो. रात्र काढणारा माणूस दोन वेळा जेवतो, कुणाच्या तरी घरात झोपतो, सकाळी धक्क्यावर मासळी बघायला जातो.

म्हणून रस्ता हवा की नको या भांडणात मी पडत नाही. दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या रांगेत पावसात उभं राहिलेला आणि आजारी माणसाला पलीकडे न्यायला बोटीची वाट बघितलेला कुणीही पूल नको म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ग्रामसभेत रस्त्याचा विषय येईल तेव्हा मोबदल्याबरोबर हेही विचारा:

१. आमच्या हद्दीत गाडी थांबायची जागा कुठे धरली आहे? ती गावाला लागून आहे की माळावर?

२. तिथं स्वच्छतागृह, पाणी, पार्किंग कोण करणार, आणि पाच वर्षांनी ते साफ कोण ठेवणार? नाव आणि पद लिहून द्या.

३. पूल झाल्यावर फेरीबोटीच्या दोन्ही काठांवरचे चहा-वडापाववाले कुठे जाणार? नव्या थांब्यावर पहिला हक्क त्यांचा ठेवाल का?

४. एसटीची गाडी नव्या रस्त्यावरून गेली तर गावातल्या जुन्या थांब्याचं काय? शाळेतल्या पोरांनी हायवेपर्यंत चालायचं का?

५. मुक्कामी पाहुण्यासाठी घरगुती सोय करणाऱ्यांना परवाना सोपा कराल का, आणि ती घरं गावातल्याच माणसाकडे राहतील असं बघाल का?

यातला एकही प्रश्न रस्त्याच्या विरोधात नाही. पण डांबर पडल्यावर विचारून उपयोग नाही. थांबा एकदा चुकीच्या जागी पडला की तो हलवायला किती वर्षं आणि किती अर्ज लागतात, ते मी डेपोत बसून बघितलंय.

किनाऱ्यावरच्या गावांतल्या मंडळींनो, तुमच्या गावात आखणी कुठून दाखवली आहे आणि थांबा कुठे, ते खाली लिहा. सगळ्यांची यादी झाली की तालुक्याला एकत्र निवेदन देऊ. लिहायचं काम माझं.