डावा कौल

देवाला कौल लावणारा यजमान नकाराची तयारी ठेवूनच हात जोडतो; डावा कौल आला की योजिलेले कार्य थांबते. सरकारी सल्लामसलतीत नेमकी ही तयारी नसते, असे कॅनडातील एका खटल्यावरून दिसते.

ब्रिटिश कोलंबिया प्रांतात क्तुनाहा हे आदिवासी राष्ट्र आहे. तेथील पर्वतांतील ‘कॅटमुक’ येथे अस्वलदेवतेचा वास आहे, अशी त्यांची श्रद्धा. त्याच जागी १९९१ साली बर्फावरील खेळांच्या विहारस्थळाची योजना निघाली. विचारविनिमय दोन दशके चालला, आराखडे बदलले आणि २०१२ मध्ये मंत्र्यांनी मंजुरी दिली. पक्के बांधकाम झाले तर देवता निघून जाईल, हे गाऱ्हाणे घेऊन क्तुनाहा न्यायालयात गेले. २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, श्रद्धा बाळगण्याचे व आचरण्याचे स्वातंत्र्य संरक्षित आहे, श्रद्धेचा विषय नव्हे. आणि सल्लामसलतीचा हक्क म्हणजे नकाराधिकार नव्हे. देवमूर्तीला कायद्याने व्यक्ती मानणाऱ्या परंपरेतील माझ्यासारख्या वकिलाला हा भेद पटत नाही. देवताच गेल्यावर आचरण कशाचे करावयाचे?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ओडिशातील नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीचा आणि डोंगरिया कोंधांच्या नियमराजाचा प्रश्न ग्रामसभांपुढेच ठेवला. बारा ग्रामसभा भरल्या. बाराही ठिकाणी नकार आला आणि केंद्राने तो मानला. (गावे बाराच का, हा वाद मात्र राहिला.)

कॅटमुकचे विहारस्थळही २०२० मध्ये रद्द झाले. परंतु ते नकाराच्या हक्काने नव्हे, विकासकाचे हक्क पैसे मोजून सोडवून घेतल्यामुळे.