भूमचा जिल्हा कोणता?

मित्रांनो, आम्ही भूमचे. खव्याचं गाव म्हटलं की लगेच लक्षात येतं! होस्टेलवर कुणाला जावास्क्रिप्ट समजावायची असली की मी गावालाच कामाला लावतो.

समजा, 'धाराशिव' हा मोठा ऑब्जेक्ट आणि त्याच्या पोटात 'भूम' हा छोटा. बाहेरून डॉट देत देत भूमपर्यंत जाता येतं. पण आतून भूमने विचारलं, "माझा जिल्हा कोणता?" तर उत्तर नाही! भूमची मेथड भूमवरूनच बोलावली, तर तिच्यातला 'धिस' म्हणजे भूमच. वर जायची वाट भाषेने आपणहून ठेवलेलीच नाही. कारणही रास्त आहे. एकच ऑब्जेक्ट दोन-तीन ऑब्जेक्टमध्ये राहू शकतो, मग पालक म्हणायचं कुणाला?

उपाय सोपा. दोन्ही तयार झाले की भूममध्ये 'पालक' ही प्रॉपर्टी टाकायची आणि तिला धाराशिवचा रेफरन्स द्यायचा. नुसतं नाव लिहून भागत नाही. २०२३ साली उस्मानाबाद जिल्ह्याचं धाराशिव झालं, पण माझ्या दहावीच्या मार्कलिस्टवर जुनंच नाव आहे. कॉपी जिथल्या तिथे राहते. रेफरन्स मात्र आजचं नाव दाखवतो.

घरचंही तसंच बघा. मोबाईलमधला आईचा फोटो ही कॉपी. तिचे गुडघे हल्ली दुखतात, हे त्यात दिसत नाही. त्यासाठी फोनच लावावा लागतो. तेव्हा मंडळी, आज जेवणाआधी एक कॉल होऊन जाऊ दे!