नाव तेच, कागद वेगळे

परदेशी शाळेत शिकवायला जायचं म्हटलं की लोक इंग्रजीची चौकशी करतात, डेमो लेसनची करतात, पगाराची तर करतातच. कागदपत्रांचा विषय ‘शिक्के मारून घ्यायचे, त्यात काय’ एवढ्यावर मिटतो. माझी स्वतःची फाइल तयार केल्यावर मी या मताचा राहिलो नाही. शिक्का मिळवणं हा या कामातला सोपा भाग आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवरचा विद्यार्थी, बी.एड.च्या पदवीवरचा उमेदवार, अनुभवाच्या दाखल्यावरचा शिक्षक आणि पासपोर्टवरचा नागरिक हा एकच माणूस आहे, हे कागदांकडूनच वदवून घेणं हा अवघड भाग. गावात, शाळेत आपल्याला ओळखणारी माणसं असतात, म्हणून कागदांतली विसंगती तिथे खपून जाते. परक्या देशात ओळख देणारं दुसरं कोणीच नसतं. म्हणून तयारी शिक्क्यापासून सुरू न करता नावापासून सुरू करावी, असं माझं म्हणणं आहे.

शिक्का नेमकं काय सांगतो ते पाहिलं की हे पटतं. परदेशी वापरासाठीच्या या शिक्क्याची, म्हणजे अपॉस्टिलची, पद्धत 5 ऑक्टोबर 1961 च्या हेग करारातून आली. भारतात ती 14 जुलै 2005 पासून लागू आहे. या करारानुसार अपॉस्टिल तीनच गोष्टींची हमी देतं: कागदावरची सही खरी आहे, सही करणारा त्या अधिकारपदावर होता आणि कागदावरची मोहर त्याच कार्यालयाची आहे. गुण बरोबर आहेत का, नाव नीट लिहिलंय का, याबद्दल ते अवाक्षर काढत नाही. पदवीवर आधी राज्य पातळीवरचं प्रमाणीकरण लागतं, मग परराष्ट्र मंत्रालयाचं, त्यामागेही हाच हिशेब आहे. वरची पायरी फक्त खालच्या पायरीची सही ओळखते. संयुक्त अरब अमिरातीसाठी अपॉस्टिलने भागत नाही, मंत्रालयानंतर त्यांच्या वकिलातीचा शिक्का घ्यावा लागतो. ओमान 2012 पासून आणि सौदी अरेबिया 2022 पासून करारात आहेत, म्हणून तिथे अपॉस्टिल चालतं. पायऱ्या कमी-जास्त झाल्या तरी एक गोष्ट कायम राहते: चुकीच्या नावाच्या पदवीवर चार शिक्के बसले, तर चुकीच्या नावाची पदवी अस्सल ठरते, एवढंच.

आपल्याकडे तर नाव चुकायला वाव फार. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टात आडनावाचा रकानाच वेगळा. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर. मराठीत ‘वैद्य’ एकाच प्रकारे लिहिलं जातं, पण रोमन लिपीत त्याच्या शेवटी ‘ए’ लावायचा की नाही, हे त्या त्या कारकुनाच्या हातात असतं. शिवाय अनेकांनी मूळ पदवी प्रमाणपत्र विद्यापीठातून आणलेलंच नसतं, कारण इथे गुणपत्रिकेवर काम भागतं. ज्यांनी आणलं त्यांनी ते प्रेमाने लॅमिनेट केलेलं असतं, आणि लॅमिनेशनवर शिक्का बसत नाही. मग दुय्यम प्रतीसाठी पुन्हा विद्यापीठाची वाट धरावी लागते. म्हणून सगळे कागद एका टेबलावर मांडून प्रत्येक नाव पासपोर्टाशी अक्षर-अक्षर ताडून पाहणं, हे पहिलं काम. पोलिसांचा चारित्र्य दाखला सगळ्यांत शेवटी काढावा, कारण बहुतेक ठिकाणी तो काही महिनेच ग्राह्य धरतात.

यावर कोणी म्हणेल, नावात फरक असला तर प्रतिज्ञापत्र करून द्यावं. काही ठिकाणी ते चालतंही. पण प्रतिज्ञापत्र म्हणजे आपणच आपल्याविषयी दिलेली ग्वाही, आणि हा सगळा खटाटोप तर आपल्या शब्दावर विसंबायला नको म्हणून आहे. बोर्डाने किंवा विद्यापीठाने केलेली दुरुस्ती, राजपत्रातली नावबदलाची नोंद, यांचं वजन वेगळं. दुसरा मुद्दा एजंटचा. परराष्ट्र मंत्रालय 2012 पासून हे अर्ज ठरवून दिलेल्या एजन्सींमार्फतच घेतं, तेव्हा मध्यस्थ टळत नाही हे खरं. पण तो कागद या खिडकीवरून त्या खिडकीवर नेतो; कागदांतलं नाव जुळवणं त्याचं काम नाही. तिसरा मुद्दा डिजिलॉकरचा: सगळं संगणकावर आल्यावर ही कटकट उरेल कशाला? बनावट कागदांचा प्रश्न त्याने हलका होईल, हे मला मान्य आहे. नावाचा होणार नाही. मूळ नोंदीत चूक असेल तर डिजिटल प्रतीत तीच चूक अधिक अधिकृतपणे उमटते.

एका आक्षेपापुढे मात्र मी मान तुकवतो. ही पडताळणी सगळ्यांवर सारखी पडत नाही. पुरुषाच्या कागदांत फरक असलाच तर एखाद्या अक्षराचा असतो. लग्नानंतर नाव बदललेल्या शिक्षिकेच्या कागदांत मधलं नाव आणि आडनाव, काही घरांत पहिलं नावही निराळं असतं. तिला लग्नाचा दाखलाही प्रमाणित करून साखळीत जोडावा लागतो, आणि शिकवायला येतं की नाही याच्याशी त्या दाखल्याचा काडीचा संबंध नसतो. हा भार अन्यायाचा आहे, पण तो परदेशी शाळेने लादलेला नाही. लग्नानंतर नाव बदलावं असं आपला कोणताही कायदा सांगत नाही. ती आपल्या घरांची सवय आहे, आणि तिची किंमत पुढे कधीतरी एखाद्या खिडकीपाशी चुकवावी लागते. म्हणून ही तयारी नोकरीचं पत्र हाती आल्यावर सुरू होते, हेही मला आता पटत नाही. दहावीचा फॉर्म भरताना रोमन लिपीतलं स्पेलिंग कोणी तरी एकदा नीट पाहिलं, तर पुढची निम्मी कामं तिथेच होऊन जातात.