असून नसणे

केवडा म्हटले म्हणजे आम्हां पुस्तकी माणसांना सुगंध आठवावयाचा. परंतु ज्याच्या शेतात ऊस उभा आहे, त्याच्या कपाळी त्या शब्दाने आठ्याच पडतात. कोवळ्या पानांतील हिरवेपणा शिरांपुरता उरावा, मधला भाग पिवळा व्हावा आणि अखेर सारे पान पांढरेफटक पडावे, या दुखण्यास शेतकरी केवडा म्हणतात.

कोल्हारास प्रवरेकाठी आमची थोडी वडिलार्जित जमीन आहे. धाकटे बंधू ती कसतात. आम्ही महाविद्यालयात शिकवितो आणि सुटीत जाऊन त्यांना उपदेश करतो. तीन वर्षांपूर्वी केवडा पडला, तेव्हा उपदेशासोबत आम्ही युरियाच्या दोन पोत्यांचे पैसेही धाडले. पोती पडली, ऊस पिवळाच राहिला. बंधू इतकेच म्हणाले, "दादा, ताट भरलेलं आहे, पोराच्या घशाखाली उतरत नाही."

पुढे माती तपासून घेतली, तेव्हा त्या अडाणी वाटलेल्या वाक्यातले शास्त्र आम्हांस कळले. आमची काळी माती बेसाल्ट खडकाची लेक. तिच्यात लोखंडाला तोटा नाही. परंतु पाऊस वीस इंचांच्या आसपास, त्यामुळे चुना धुऊन जात नाही. आणि चुनखडीच्या, अल्कधर्मी मातीत लोह विरघळत नाही. जे विरघळत नाही, ते मुळांस मिळत नाही.

गंमत अशी की, हीच प्रवरा जेथे उगम पावते, त्या रतनगडाच्या मुलखात नेमके उलट चालते. तेथील मुसळधार पाऊस चुना वाहून नेतो, माती तांबडी व आम्ल होते, आणि मागे राहिलेले लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून बसतात. हिरवेगार रान पाहून जमीन सुपीक वाटते; पण बरेचसे धन झाडांत आणि पाचोळ्यात असते. पाचोळा कुजतो, मुळे ते लगेच उचलतात. रान तोडले की ती पेढी बुडालीच. भाताच्या रोपासाठी राब भाजणारा शेतकरी राखेतून हेच धन मातीला देतो.

आमच्याकडे पाण्याचीही भर पडली. १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाने या कोरड्या टापूत ऊस आणला, घरे उभी केली, आम्हांस शिकविले. परंतु जेथे निचऱ्याची सोय झाली नाही, तेथे पाणी वर चढले, उन्हाने उडाले आणि क्षार मागे ठेवून गेले. आमचाही खालचा तुकडा चोपण झाला. तो विकून टाकावा, असे आम्हीच सुचविले होते. बंधू त्यावर आठ दिवस आमच्याशी बोलले नाहीत.

त्यांनी चर खणले, ताग गाडला, हिराकस शेणखतात मुरवून दिला, एक हंगाम ऊस घेतला नाही. यंदा वरच्या शेतातील पाने हिरवी आहेत. खालचा तुकडा अजून अर्धा पांढराच आहे.

परवा वर्गात शिकविताना आम्ही मध्येच थांबलो. तीस वर्षे आम्हीही पोती ओतीत आलो; समोरचे चेहरे पिवळे दिसले की आणखी दोन ओतली. कोणाच्या घशाखाली काय उतरते, हे विचारले नव्हते. त्या दिवशी टिपणे मिटून विचारले. बराच वेळ कोणी बोलले नाही; मग मागच्या बाकावरील एका मुलीने हात वर केला.