माझं धावणं, ह्यांचा चहा

पहाटे पीरवाडीच्या किनाऱ्यावर धावायला जाऊ लागले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "चोर लागलाय का मागे?" ह्यांची तक्रार निराळीच, सकाळचा चहा चुकतो! मीही हट्टाला पेटले. साताऱ्याकडची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावली; मी दोन किलोमीटरही धावू नये?

पण शाळेचा जिना चढताना धाप लागू लागली. तपासलं, तर हिमोग्लोबिन ९! डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या चहाबरोबर नाही हं, लिंबूपाण्याबरोबर; चहानं लोह अंगी लागत नाही. धावणं दोन महिने बंद. घरात सगळे खूश. मी मात्र रडले, मैत्रिणींनो.

परवा पहाटे उठून पाहते, तो स्वयंपाकघरात दिवा. हे लिंबू पिळत होते. म्हणाले, "चल, मीही येतो. चालेन आपला."

परतल्यावर चहा सासूबाईंनी केला. जरा गोडच झाला होता.